पोटावरची चरबी दिवसभर काय करत असते?

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी, अशी वजन उतरवायची दोन इंजेक्शनं भारतात विकायला आली आणि तेव्हापासून आपल्या बेळगावातसुद्धा चार माणसं जमली की हा विषय निघतोच, लग्नाच्या पंगतीत, व्हॅक्सिन डेपोच्या मॉर्निंग वॉकला, डॉक्टरांच्या दारात नंबर लावून बसल्यावर. कोण म्हणतं घ्यावं, कोण म्हणतं साइड इफेक्ट लई, कोण म्हणतं तूप सोडा म्हणजे झालं. मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायॉलॉजी शिकवते त्यामुळं लोक मला पण विचारतात आणि मला दरवेळी वाटतं, इंजेक्शनचं नंतर बघू, आधी ती चरबी अंगात काय करत असते ते तरी समजून घेऊया की. कारण बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की जास्त झालेलं तेल-तूप कातडीखाली जाऊन बसलं, ते काढलं की विषय संपला.

चरबी हा शरीराचा एक अवयव आहे, लिव्हर आहे, किडनी आहे तसाच. तिला रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत, ती हार्मोन तयार करते, आणि ती बिघडली की शुगर, फॅटी लिव्हर असं सगळं मागं लागतं. आणि ती अंगात किती आहे यापेक्षा कुठं आहे याला जास्त महत्त्व आहे. हे आपल्या लोकांनी तर समजून घ्यायलाच पाहिजे, का ते पुढं येईल.

पांढरी चरबी म्हणजे कुठली

मटणाच्या दुकानात बोकडाच्या गुर्द्याभोवती जो पांढरा गोळा दिसतो ती पांढरी चरबी. जवळपास सगळ्या सस्तन प्राण्यांत ती असते. बोकडाची, म्हशीची खरंच पांढरी असते, गाईची आणि माणसाची मात्र पिवळसर, कारण हिरव्या पाल्यातलं, भाजीतलं कॅरोटीन तिच्यात उतरतं. म्हैस ते कॅरोटीन व्हिटॅमिन ए मध्ये बदलून टाकते, म्हणून तर म्हशीचं लोणी पांढरं आणि गाईचं पिवळं. रंग कसाही असो, शास्त्रात नाव पांढरी चरबीच.

दुसरी असते तपकिरी चरबी, तिचं काम म्हणजे इंधन जाळून ऊब तयार करायची. तान्ह्या बाळाच्या पाठीत, मानेभोवती ती असते, आणि मोठ्या माणसातही थोडी शिल्लक राहते हे २००९ मध्ये नीट सिद्ध झालं. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या गुर्द्याभोवती तपकिरी चरबी असते आणि काही आठवड्यांत तिथंच पांढरी होते. तपकिरीवर एक वेगळा लेख होईल, आज पांढरीचंच बघू.

पांढऱ्या चरबीची पेशी मायक्रोस्कोपखाली बघितली तर जवळजवळ सगळी पेशी एकाच मोठ्या तेलाच्या थेंबानं भरलेली दिसते, बाकीचं सामान, पेशीचं केंद्रक वगैरे, एका कडेला दाबून बसलेलं. त्या थेंबात असतात ट्रायग्लिसराइड. तुमच्या लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये हा शब्द वाचला असेल. ग्लिसरॉल नावाच्या एका रेणूला तीन फॅटी ॲसिड जोडली की एक ट्रायग्लिसराइड, एवढंच. ही पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, कधी त्याहून मोठी होते, म्हणजे शरीरातल्या बाकी पेशींच्या मानानं भलतीच मोठी. आणि एकटी नसते, तिच्याभोवती बारीक रक्तवाहिन्या, रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी, आणि पुढं चरबीच्या पेशी होऊ शकतील अशा लहान पेशी पण असतात.

साठा तेलातच का करायचा

खानापूर बाजूच्या जुन्या घरांत अजून कुठं कुठं कणगी दिसते, बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली. सुगीला भात आत जायचं, पावसाळ्यात लागेल तसं बाहेर यायचं. पांढऱ्या चरबीचं पहिलं काम हेच, आणि ही कणगी मी या लेखात शेवटपर्यंत वापरणार आहे.

शरीराकडं इंधन ठेवायच्या दोन जागा आहेत. एक ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, तो लिव्हरमध्ये आणि स्नायूंत मिळून साधारण पाचशे ग्रॅम, म्हणजे जेमतेम एका दिवसाचं काम. दुसरी चरबी. साखरेच्या एका ग्रॅमात ४ कॅलरी, चरबीच्या एका ग्रॅमात ९. शिवाय ग्लायकोजेन साठवताना त्याच्या तिप्पट पाणी पण बरोबर धरून ठेवावं लागतं, तेलाला पाणी लागत नाही. साठ किलोच्या माणसात पंधरा किलो चरबी धरली तर ती एक लाख पस्तीस हजार कॅलरी होतात, दिवसाला दोन हजार लागल्या तर दोन महिन्यांच्या वर पुरतील. तेवढीच एनर्जी ग्लायकोजेनमध्ये ठेवायची म्हटलं तर पाण्यासकट शंभर किलोच्या वर ओझं अंगावर वागवावं लागेल. चालता येणार नाही माणसाला.

कणगीचं दार कोण उघडतं आणि कोण लावतं

जेवलं की रक्तात साखर वाढते, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. इन्सुलिन म्हटलं की लोकांना फक्त शुगर आठवते पण त्याचं चरबीवरचं काम फार मोठं आहे, ते चरबीच्या पेशीला सांगतं की साठव आणि आतलं बाहेर सोडू नको. इथंच तुपाचा प्रश्न येतो, तूप सोडलं आणि भात-साखर तेवढीच राहिली, वर चहा दिवसातनं पाच वेळा, तर शरीर आधी ती साखर जाळतं आणि ताटातलं जे काही तेल असेल ते साठ्यात टाकतं, आणि साखर फारच झाली तर लिव्हर तिचीच चरबी पण करतं. म्हणजे तूप एकटं दोषी नाही, हिशेब पूर्ण ताटाचा. आपल्या बेळगावच्या कुंद्याच्या मिठाईत तर दूध-खवा आणि साखर दोन्ही एकत्र, म्हणून तो वाटीभर खायचा पदार्थ नव्हे, चमचाभर खायचा.

आता उलटं बघा. एकादशीचा खरा उपास, साबुदाणा-शेंगदाण्याचा नव्हे, नुसत्या पाण्यावरचा. रात्र गेली, सकाळ झाली, इन्सुलिन खाली आलं, ॲड्रेनलिनच्या जातीची हार्मोन वर आली, की पेशीतली एन्झाइम्स ट्रायग्लिसराइड तोडायला लागतात. फॅटी ॲसिड सुटून रक्तात येतात, अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला धरून फिरतात आणि स्नायूंना, हृदयाला पोचतात. हृदय तर एरवी पण जास्त करून फॅटी ॲसिडवरच चालतं. उरलेलं ग्लिसरॉल लिव्हर घेतं आणि त्यापासून साखर बनवतं, ती मेंदूला. उपास लांबला तर लिव्हर फॅटी ॲसिडपासून कीटोन बनवतं, ते मेंदूला चालतात. वारीला दिवसभर चालणाऱ्या माणसाचे पाय दोन जेवणांच्या मधल्या वेळात मोठ्या प्रमाणात ह्या साठ्यावरच चालत असतात.

उंटाच्या मदारीत पाणी असतं असं शाळेत पोरं अजून सांगतात, ती चरबी असते. थंड प्रदेशातलं अस्वल हिवाळाभर काही न खाता ह्याच साठ्यावर काढतं. व्हेलची कातडीखालची चरबी फूटभर जाड सापडते, तिचा उपयोग साठ्याला आणि थंडी अडवायला दोन्ही. पण एवढ्या लांब जायची गरज नाही, आपल्या गोठ्यात बघा. म्हैस व्याली की पहिले दीड-दोन महिने अंगानं उतरते, कितीही घाला. दूध एवढं जातं की वैरण-पेंडीतून तेवढी एनर्जी पोटात जातच नाही, मग ती अंगावरची चरबी काढून दुधात घालते. बाळंतिणीत पण हेच, बाईच्या मांड्या-कमरेची चरबी अंगावर पाजण्याच्या दिवसांत वापरली जाते, त्यामुळं वयात येणाऱ्या मुलीच्या कमरेवर थोडी चरबी चढली की तिला जाडी म्हणून हिणवणं मला फार वाईट वाटतं. ते शरीराचं बरोबर चाललेलं काम आहे. चरबी फारच कमी झाली तर पाळी थांबू शकते.

टाचेखाली आणि डोळ्याच्या मागं जी चरबी असते ती मात्र साठ्याची नव्हे, ती दणका सोसायला. माणूस बराच वाळला तरी ती शेवटपर्यंत टिकते.

चरबी मेंदूला निरोप देते

हा भाग मला सगळ्यात आवडतो. १९४९ मध्ये अमेरिकेत जॅक्सन लॅबोरेटरीत काही उंदीर सापडले, इतके जाड की बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट, आणि खातच सुटायचे. डग्लस कोलमन यांनी पुढं अशा जाड उंदराचं आणि साध्या उंदराचं रक्त एकमेकांत फिरेल असं दोघांना जोडलं, तर जाड उंदराचं खाणं कमी झालं. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात असं काहीतरी होतं जे 'पुरे झालं' म्हणून सांगत होतं. ते काय हे कळायला १९९४ उजाडलं, जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमनं ते जनुक शोधलं, आणि त्यापासून बनणारं हार्मोन म्हणजे लेप्टिन. ते बनतं मुख्यतः पांढऱ्या चरबीत! कणगी स्वतःच घरमालकाला कळवते की आत किती शिल्लक आहे.

१९९७ मध्ये इंग्लंडमध्ये पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत भावंडं सापडली ज्यांच्यात लेप्टिन बनतच नव्हतं. लहान वयात प्रचंड वजन, आणि भूक अशी की थांबायचीच नाही. त्यातल्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर भूक आवरली आणि वजन उतरत गेलं. त्या पोरीला आधी सगळ्यांनी खादाडच म्हटलं असणार, आणि तिची काही चूक नव्हती.

मग सगळ्या जाड लोकांना लेप्टिन द्या की, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण जाड माणसात लेप्टिन कमी नसतंच, उलट भरपूर असतं, मेंदू त्याकडं लक्ष देईनासा होतो. त्याचा खरा जोर उलट्या बाजूनं दिसतो. डाएट सुरू केलं, चरबी उतरायला लागली, की लेप्टिन झपाट्यानं खाली येतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, भूक वाढते, शरीर खर्च पण आवरतं घेतं. महिनाभर भात सोडून नंतर दुप्पट भूक लागते ती ह्यामुळं, मन कच्चं आहे म्हणून नव्हे.

लेप्टिन सोडून आणखी पण हार्मोन आहेत. ॲडिपोनेक्टिन इन्सुलिनचं काम सोपं करतं आणि विचित्र म्हणजे चरबी वाढली की ते कमी होतं. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरात जे थोडं इस्ट्रोजेन राहतं ते मुख्यतः चरबीतच तयार होतं.

एवढी कामाची आहे तर मग त्रास कशाचा?

काही माणसं जन्मतःच जवळजवळ चरबीशिवाय असतात, दुर्मिळ आजार आहे, लिपोडिस्ट्रॉफी. आपल्याला वाटेल नशीबवान, शुगर-बिगर काही नसेल. प्रत्यक्षात त्यांना जबरदस्त डायबेटिस होतो, लिव्हर चरबीनं भरतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड आकाशाला जातात. चरबीच नसलेले उंदीर तयार केले तर त्यांना पण हेच झालं, आणि २००० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा उंदरांत दुसऱ्या निरोगी उंदराची चरबी बसवली तर त्यांची शुगर सुधारली. चरबी घातली आणि शुगर सुधारली, हे दोनदा वाचा.

कणगीच नाही पण भात येतच आहे, तर ते ओटीवर पडणार, चुलीजवळ पडणार, देवघरात पडणार, भिजणार, कुजणार. कणगी आहे पण गळ्यापर्यंत भरली, तरी तेच. कातडीखालची चरबी, म्हणजे कमरेची, मांडीची, दंडाची, ही बऱ्यापैकी सुरक्षित जागा. तिथली जागा संपली की चरबी पोटाच्या आत आतड्यांभोवती साठते, तिथून सुटलेली फॅटी ॲसिड बरीचशी सरळ लिव्हरच्या शिरेत जातात, आणि मग लिव्हरमध्ये, स्नायूंत, स्वादुपिंडात चरबी उतरते. ह्या पेशी तेल ठेवायला बनलेल्याच नाहीत. त्यांच्यात तेल साचलं की त्या इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, आणि टाइप टू डायबेटिसची सुरुवात बऱ्याचदा इथनं होते.

गच्च भरलेल्या चरबीच्या पेशीपण आजारी पडतात, काही मरतात, त्या साफ करायला रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि तिथं कायमची बारीक सूज राहते. २००३ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. ह्या सुजेतून सुटणारी रसायनं इन्सुलिनच्या कामात आणखी अडथळा आणतात.

डायबेटिसचं पायोग्लिटाझोन नावाचं एक औषध आहे, ते घेतल्यावर कित्येकांचं वजन थोडं वाढतं तरी शुगर सुधारते, कारण ते कातडीखाली नवीन चरबीच्या पेशी बनवायला मदत करतं, म्हणजे कणगी मोठी करतं. आणि गोठ्यातलंच उदाहरण, व्यायच्या आधी फार चरबी चढलेली एचएफ गाय व्याल्यावर खाणं टाकते, लिव्हरमध्ये चरबी उतरते, कीटोसिस होतो, म्हणजे रक्तात कीटोन फार वाढतात. एकदम एवढी चरबी सुटते की लिव्हरला झेपत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना हे रोजचं आहे.

मी तर बारीक आहे, मला काय होणार?

हेच ते. हा भाग आपल्यासाठी आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापून आला. दिसायला दोघेही बारीकच.

याज्ञिक यांच्या टीमनं पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं पण मोजली, सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, हातपाय बारीक, पण पाठीवरची चरबीची घडी त्या मानानं फारशी कमी नाही. स्नायू कमी, चरबी टिकून. म्हणजे हे आईच्या पोटातच सुरू होतं, आईला नीट खायला मिळतंय का ह्याच्याशी त्याचा संबंध आहे. आपल्या लोकांची कातडीखालची कणगी लहान आहे असं बरेच संशोधक मानतात, त्यामुळं थोडंच वजन वाढलं तरी चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये उतरते. पुणे काय आणि बेळगाव काय, हाडापेराचे आपण तेच. आपल्या आज्या-पणज्या शेतात राबायच्या, आता ऊस तोडायचा सोडला तर कितीतरी कामं मशीननं होतात, बसून दुकान, बसून ऑफिस, आणि अंगकाठी तीच.

म्हणून भारतीयांसाठी आकडे वेगळे ठेवलेत. बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात, २५ पासून लठ्ठपणा. त्याहून सोपं म्हणजे कमरेचा घेर, पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो, चौतीसची पँट घालणाऱ्या माणसाचा घेर अडतीस निघू शकतो. हातपाय काड्या आणि पोट पुढं, असा माणूस घरात असेल तर त्याला 'खातेपिते घर' म्हणून सोडू नका, शुगर आणि लिव्हर तपासून घ्यायला सांगा.

ऑपरेशन करून काढून टाकली तर?

२००४ मध्येच एक अभ्यास आला, जाड बायकांच्या पोटावरची कातडीखालची चरबी लायपोसक्शननं काढली, जवळजवळ दहा किलो. काही आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम, बीपी, कोलेस्टेरॉल, काहीच सुधारलं नव्हतं. कारण काढली ती कणगीतली, ओटीवर सांडलेली तशीच राहिली.

पोटाचा व्यायाम केला तर पोटावरचीच जाईल असंही नसतं, स्नायू शेजारची चरबी ओढून घेत नाही, त्याला रक्तातून येईल ती. पण सगळ्या अंगाचा व्यायाम केला, चाललं, जोर मारले, ओझी उचलली, तर पोटातली आणि लिव्हरमधली चरबी त्या मानानं लवकर कमी होते, कधीकधी काट्यावर फार फरक दिसायच्या आधीच. त्यामुळं महिनाभर चालून एक किलो पण उतरलं नाही म्हणून सोडून देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, घेर मोजा आणि चालू ठेवा.

उतरलेली चरबी जाते कुठं? घामातून नव्हे. दहा किलो चरबी पूर्ण जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणून रेनकोट घालून पळणं, पोटाला प्लॅस्टिक गुंडाळणं ह्यानं फक्त पाणी जातं, ते प्यायलं की परत.

आणि ते इंजेक्शन?

वेगोवी आणि मौंजारो चरबी वितळवत नाहीत. जेवल्यावर आतड्यातून जी हार्मोन सुटतात त्यांची ती नक्कल आहेत, वेगोवी एकाची आणि मौंजारो दोघांची. मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो, पोट हळू रिकामं होतं, माणूस कमी खातो, मग चरबी आपल्या नेहमीच्या वाटेनंच सुटते. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना फायदा मोठा आहे, शुगर उतरते, लिव्हर सुधारतं, आणि इंजेक्शन घेणाऱ्याला आळशी म्हणायचं काही कारण नाही.

पण चरबीच्या पेशींची एक गोष्ट लक्षात ठेवा. २००८ मध्ये स्वीडनमधल्या कर्स्टी स्पाल्डिंग यांच्या टीमनं दाखवलं की पेशींची संख्या साधारण विसाव्या वर्षापर्यंत ठरते, दरवर्षी सुमारे दहा टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात, आणि वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या लोकांत दोन वर्षांनी पण पेशी तेवढ्याच होत्या, फक्त रिकाम्या होऊन लहान झालेल्या. रिकामी पेशी लेप्टिन कमी सोडते आणि मेंदू परत भूक वाढवतो. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड बंद केलेल्या लोकांचा अभ्यास झाला, त्यात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं.

उतरलेल्या वजनात काही भाग स्नायूंचा पण असतो, आणि आपल्याकडं मुळात स्नायू कमी, त्यामुळं इंजेक्शन चालू असताना डाळ, अंडी, दूध, मासे असं प्रोटीन आणि वजन उचलायचा व्यायाम सुटता कामा नये. जिमवाल्यानं दिलं, मेडिकलमध्ये ओळखीनं मिळालं असं करून घेऊ नका, आणि डॉक्टरांकडं गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, किती वर्षं घ्यायचं, महिन्याचा खर्च तेवढी वर्षं झेपणार का, बंद करायचं ठरलं तर कसं कमी करत आणायचं, आणि आत्ता माझ्या लिव्हरमध्ये चरबी आहे का ते बघायला सोनोग्राफी करायची का.